डायपरचं कपाट रिकामं झालंय, या वेळी लाजू नका

सगळ्या सभासदांना, आणि ग्रुप म्यूट करून बसलेल्यांना पण, नमस्कार.

घाईत लिहून राहिलेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. काल संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीतलं आपलं कपाट उघडलं तर वरच्या खणात मोठ्यांच्या एल साइझची दोन पाकिटं, एक्सएल शून्य, आणि खाली न्यूबॉर्न साइझचा ढीग. बाळ बघता बघता त्या मापातून बाहेर येतं आणि उरलेली पाकिटं सगळे हौसेने आपल्याकडे आणून देतात, छानच आहे, पण ऐंशीच्या आजोबांना ती काय कामाची? सध्या आपण ज्यांना डायपर पोचवतो त्या यादीत १७ घरं आहेत, त्यातली १४ म्हाताऱ्या माणसांची. दोन पाकिटं म्हणजे २० नग, एका घराचा आठवडा पण निघत नाही.

नवीन लोकांसाठी सांगते (जुन्यांना पाठ आहे), हे काम कोविडमध्ये सुरू झालं. लॉकडाउन होता, मेडिकलवाल्याकडे माल नाही, आणि इंदुरातल्या रामबागेतल्या आपल्या काकूंनी स्वतःच्या जुन्या नऊवारी फाडून रात्रभर मशीनवर लंगोट आणि दुपटी शिवून दिली. सकाळी पिशवी आणून दिली ती पण इस्त्री करून! नाव लिहू नका म्हणाल्या म्हणून लिहीत नाही, पण कोण ते सगळ्यांना माहीत आहे. मग राजेंद्र नगरचे आपले पेन्शनर आजोबा, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन निघाली की एक पाकीट काखेत मारून येणार, खुर्चीवर बसून पाणी पिणार, "लिहून घे ग" म्हणणार आणि जाणार. एक महिना चुकवला नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या महिन्यात नातवाला पाठवलं. आणि सुदामा नगरच्या त्या तिघी बहिणी, ज्यांनी आईच्या तेराव्यानंतर उरलेली सगळी पाकिटं, अंडरपॅड, क्रीमची न उघडलेली ट्यूब, सगळं खोक्यात नीट लावून वर साइझ लिहून आणलं. खोकं देताना तिघींच्या डोळ्यात पाणी होतं, पण आणलं. मला खरं तर हेच बोलायचंय.

आपल्या कितीतरी घरांतून माणूस जातं आणि मागे अर्धी-पाऊण खोकी उरतात. ती माळ्यावर जातात नाहीतर कचरागाडीत. का, तर डायपर असं मंडळात जाऊन द्यायचं कसं, लोक काय म्हणतील. अहो, काय म्हणणार? दुसऱ्या घरी कोणाचा बाप त्यावर झोपणार आहे.

मागच्या महिन्यात एका घरी डिलिव्हरी द्यायला गेले होते. सून नोकरीवर, आजोबा पलंगावर, जवळ चहाचा कप तसाच, साय धरलेला. चहा का नाही घेतला विचारलं तर म्हणाले, चारनंतर काही पीत नाही, एक डायपर वाचतो. आत जुन्या साडीची घडी ठेवली होती, ती ओली झाली की घडी बदलायची, डायपर तोच. पण तो ओल आत ओढून घेतो ती त्यातल्या जेलमुळे, मध्ये कापड टाकलं की ओल तिथेच राहते, अंगाला लागून. कंबरेखाली कातडी लाल झाली होती. आणि पाणी कमी प्यायल्याने लघवीचं इन्फेक्शन व्हायची भीती ती वेगळीच. बाहेर मधोमध जी पिवळी पट्टी असते ती निळी झाली की बदलायचा, एवढं साधं आहे, पण बदलायला दुसरा हवा न.

हिशोब बघा. दवा बाजारातून होलसेलने घेतला तरी साधा टेपवाला ३०-३५ रुपयांना पडतो, दिवसाला ४ धरले तर महिन्याला चार हजारांच्या आसपास. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १२ चा ५ टक्के झाला तेव्हा वाटलं होतं सुटलो, पण यादी पण वाढली.

आता थोडं कडू. गणपतीच्या डेकोरेशनला वर्गणी दोन दिवसांत जमली, आनंद आहे. पण त्याच ग्रुपवर डायपरचा मेसेज टाकला तर चार अंगठे आणि एक "हे मंडळाचं काम आहे का". हो, आहे. लोकांसाठी झटणाऱ्या अहिल्यादेवींचा फोटो हॉलमध्ये लावून घेतलाय आपण.

तर काय द्यायचं: मोठ्यांचे एल आणि एक्सएल, टेपवालेच, पँटवाले चालत-फिरत्या माणसाला ठीक, झोपून असलेल्याला बदलताना हाल होतात, माप कंबर आणि नितंब यात जे मोठं त्यावर, फोडलेलं पाकीट पण चालेल फक्त आतले नग कोरडे-स्वच्छ पाहिजेत आणि एक्सपायरी बघून घ्या, अंडरपॅड पाहिजेत, झिंकवालं क्रीम पाहिजे, पावडर नको, बाळांचे एम-एल द्या, एम.वाय. या सरकारी हॉस्पिटलात झाबुआ-धारकडून आलेल्या आयांना ते लागतात, न्यूबॉर्न आता बास, रोख रक्कम वाचनालयात देऊन पावती घ्या किंवा बोर्डावरचा क्यूआर, वेळ ५ ते ७, रविवार बंद. ज्यांना डायपर घरी नेऊन मिळतात त्यांनी वापरलेले कागदात गुंडाळून कचरागाडीच्या सॅनिटरीच्या वेगळ्याच डब्यात टाका, ओल्या कचऱ्यात नाही, स्वच्छतेत नंबर वन शहर आहे आपलं, नाव नका घालवू. स्कूटीवर घरपोच द्यायला दोन मुलं पण पाहिजेत, मी एकटी किती फिरू.

आणि कृपा करून पाकिटं बाहेर ओटल्यावर ठेवून जाऊ नका, मागच्या वेळी गाईने फाडली.

तुमची,
सचिव, महिला शाखा