एकदम चार कॅप्सूल

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बाबा "बघू" म्हणाले, म्हणजे विषय बासनात गेला. म्हणून लिहितेय. बाबांच्या हिरडीच्या ऑपरेशनची गुरुवारी सकाळी अकराची वेळ घेऊन टाकली आहे, इथे पुण्यात. डॉक्टरकाकांवर अविश्वास नाही हो, त्यांनीच तर बाबांच्या दाढा आजवर टिकवल्या. पण हृदयात धातूची झडप आणि त्यात रक्त गोठू न देणारी अ‍ॅसिट्रॉम चालू, तेव्हा हार्टचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर हवेत. काकांना मीच फोन केला. रागावले नाहीत, उलट "बरं केलंस" म्हणाले.

बाबांसाठी कडक उशी आणली आहे, खिडकीजवळचा पलंग मोकळा केलाय. आई, ओट्याशी स्टूल ठेवलंय, गुडघ्यांना त्रास नको.

आता औषधाचं. पाच दिवसांचा कोर्स लिहून दिला नाही म्हणून डॉक्टर कच्चा ठरत नाही, बाबा. हिरडीच्या ऑपरेशननंतर जखम पिकणं मुळात कमीच, म्हणून कित्येकांना अँटिबायोटिक देतही नाहीत. तुमचं निराळं. हिरडी कापताना तोंडातले जंतू रक्तात उतरतात आणि कृत्रिम झडपेवर ठाण मांडू शकतात. म्हणून अर्धा ते एक तास आधी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या चार कॅप्सूल. हो, एकदम चार! पुढे काही द्यायचं का, ते डॉक्टर बघतील. लहानपणी मी कडू औषध गिळलं की तुम्ही हातावर खडीसाखर ठेवायचात. या वेळी ती मी ठेवीन.

आई, बिस्किटाच्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या टाकून दे. मेट्रोजिल या अँटिबायोटिकने अ‍ॅसिट्रॉमचा जोर वाढतो, रक्तस्राव व्हायचा. दुखण्यावरची ब्रुफेन तर नकोच, तिनेही रक्तस्राव वाढतो. नंतर कधी ताप आला तर आधी मला फोन. रक्त कल्चरला, म्हणजे जंतू शोधायच्या तपासणीला, जाण्याआधी अँटिबायोटिक पोटात गेलं, की जंतू सापडता सापडत नाहीत.

अ‍ॅसिट्रॉम मनाने बंद करू नका. मंगळवारी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, करून रिपोर्ट सोबत आणा. आणि आई, लसणाची चटणी नको, बाबांना काही दिवस तिखट वर्ज्य आहे. बरं, माझ्यापुरती आण, पण डबा त्यांना दिसू देऊ नकोस.

तुमची,
चिमी