वीरगळ वाचणारी पोरं इथंच घडू द्या

संपादक महोदय,
स.न.

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकाने काढलेली करिअर पुरवणी मी दुकानात बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. कला शाखेच्या वाट्याला अर्धा रकाना आला आहे: स्पर्धा परीक्षा, बी.एड., विधी, की झाले. पुरातत्त्व आणि कलेतिहास या विषयांचे नावसुद्धा नाही. माझी पुतणी पुण्याला डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एम.ए. करते आहे, म्हणून डोळे तेच शोधत होते आणि म्हणूनच हे पत्र.

कराडात माझे हार्डवेअरचे दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, पत्रा, सिमेंट, रंग. माझे शिक्षण बी.कॉम., तेव्हा मी विद्वान म्हणून लिहीत नाही. पण रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत एका लेण्याच्या दात्याचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे, तो महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी, राहणार करहाकड. करहाकड म्हणजे आपले कराड. पुतणीने हे सांगितले तेव्हा गल्ल्यावर बसल्या बसल्या माझी छाती जरा पुढे आली, खोटे कशाला सांगू! तिकडे मध्य प्रदेशात भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर ‘करहकट’च्या निगमाने, म्हणजे व्यापारी पेठेने दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि तेही कराडच असे अभ्यासक मानतात. इतकी जुनी पेठ आमची, आणि आम्हाला ठाऊक काय, तर प्रीतिसंगम आणि यशवंतरावांची समाधी. गावाशेजारच्या आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, तिथे आम्ही पोरे असताना करवंदे खायला जायचो.

पुतणीने विषय निवडला तेव्हा घरात बराच गदारोळ झाला. माझ्या भावाचा पहिला प्रश्न, ‘नोकरी कुठे?’ आणि दुसरा, ‘खणताना काही सापडले तर त्यातले आपल्याला किती?’ दुसऱ्याचे उत्तर सोपे होते: काहीच नाही. पहिल्याचे अजूनही नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचे पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालय, संग्रहालये, संशोधन संस्था, नेट देऊन प्राध्यापकी. वाटा आहेत, पण जागा मोजक्या. भाऊ आजही पूर्ण राजी नाही आणि त्याचे चूक आहे असे मी म्हणणार नाही. पण इंजिनीअर होऊन घरी बसलेली पोरेही आमच्या गल्लीत आहेतच की.

हा विषय म्हणजे नुसता सनावळ्यांचा इतिहास, असा माझाही समज होता. एम.ए.च्या प्रवेशाला कुठल्याही शाखेची पदवी चालते, आणि का चालते ते तिचा अभ्यास पाहून कळले. हाडांवरून जनावर ओळखायचे, जळक्या दाण्यावरून पीक ओळखायचे, कोळशाचा काळ कार्बन-१४ ने ठरवायचा. यात सायन्सवाल्या पोरांनाच काम जास्त. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे खोदाई केली. सोन्याचा हंडा मिळाला का, तर नाही. तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी सातू पिकवत होते हे मिळाले. घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलेली मिळाली, आत पुरलेली तान्ही मुले. हे ऐकल्यावर माझ्या आईने पदर डोळ्याला लावला होता.

सुट्टीत ती खापराचे तुकडे कसे वाचतात ते सांगत बसली. आतल्या बाजूला बारीक समांतर रेघा दिसल्या तर भांडे चाकावरचे. काठाचा बोटभर तुकडा असला, तरी तो वर्तुळे आखलेल्या कागदावर टेकवायचा, कुठल्या वर्तुळाशी त्याची गोलाई जुळते ते बघायचे, की सबंध मडक्याचे तोंड केवढे होते ते निघते. आम्ही झिजलेल्या बोल्टाचा आटा गेज लावून ओळखतो, त्यातलाच प्रकार.

आता मूळ मुद्दा. चैत्रातल्या यात्रांच्या आधी गावोगावच्या देवस्थान कमिट्या माझ्याकडे ऑइलपेंट न्यायला येतात. जीर्णोद्धार म्हणजे देवळाला टाइल्स, खांबांना रंग आणि आवारातल्या जुन्या दगडांना चंदेरी-सोनेरी हात. यंदा अशीच एक मंडळी आली, तेव्हा पुतणी दुकानात होती. तिने विचारले, ‘काका, कुठल्या दगडांना लावणार?’ एकाने मोबाइलवर फोटो दाखवला. देवळामागे ओळीने उभे केलेले वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. तिने काउंटरवरच फोटो मोठा करून वाचायला सुरुवात केली. दगडावर एकावर एक चौकटी. सगळ्यात खालच्या चौकटीत गाई, म्हणजे शत्रूने गुरे वळवून नेली होती. ढाल-तलवारवाला त्यांच्या मागे गेला आणि पडला, तो आडवा पडलेला दिसतोय. वरच्या चौकटीत त्याला अप्सरा घेऊन चालल्यात. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, म्हणजे कैलासाला पोहोचला. माथ्यावर चंद्र-सूर्य, ते आहेत तोवर त्याची कीर्ती. मंडळी गप्प. मग त्यांच्यातले एक म्हातारबुवा म्हणाले, ‘म्हणजे ह्यो आपल्याच गावचा गडी, गुरांपायी मेलेला?’

दगडाला ऑइलपेंट लावला की आतली ओल आतच कोंडते आणि पुढे रंगाबरोबर दगडाचे पापुद्रे निघतात, हेही तिने सांगितले. वीरगळ रंगापासून बचावले. एक मात्र आधीच्या यात्रेला चंदेरी झाला होता, त्यावरच्या गाई आता हाताला लागतात, डोळ्याला दिसत नाहीत. (माझे गिऱ्हाईक तुटले असे समजू नका. दरवाजे आणि ग्रीलचा रंग त्यांनी नेलाच.)

वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळापाशी कितीतरी वीरगळ आहेत, ते बघायला लोक लांबून येतात. पण तसे एक-दोन तर सातारा-सांगलीतल्या कितीतरी गावांत पाराखाली, विहिरीच्या काठाला, धुणे धुवायच्या दगडात सापडतील. मूर्तींचेही तेच. पुतणीची विट्याची मैत्रीण बडोद्याला महाराज सयाजीराव विद्यापीठात कलेतिहास शिकते. तिच्याकडून कळले की विष्णूचे नाव हातातल्या आयुधांच्या क्रमावरून ठरते. उजव्या खालच्या हातापासून वर जाऊन पलीकडे उतरायचे. पद्म, शंख, चक्र, गदा असे आले तर केशव. क्रम बदलला की नाव बदलले, अशी चोवीस नावे. आता आपल्या गावात ज्याला शेंदूर फासून भलत्याच नावाने हाक मारतात तो कोण, हे बघायला बडोद्याहून कोण येणार? आणि औंधचे भवानी संग्रहालय! तिथले राजे पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले, रविवर्म्याची चित्रे, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचे आई-मुलाचे शिल्प, हे सगळे खटाव तालुक्यात. कलेतिहासाचा वर्ग भरवायला याहून चांगली जागा कुठली?

पुतणी बी.ए.ला इथल्याच एका महाविद्यालयात होती, विषय इतिहास. तीन वर्षांत तिचा वर्ग एकदाही आगाशिवला गेला नाही, की गावातल्याच पंताच्या कोटातल्या नकट्या रावळाच्या जुन्या विहिरीत उतरला नाही. नोट्स मात्र भरपूर दिल्या. पुरातत्त्व नावाचे शास्त्र आपल्याला जमेल, हे तिला पुण्याला एका शिबिरात गेल्यावर कळले. ज्यांना पुण्याला जाता येत नाही त्यांना कधीच कळत नाही, आणि जी जातात ती सहसा परत येत नाहीत.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला क्षेत्र प्रकल्पाचे श्रेयांक आहेत, भारतीय ज्ञान प्रणालीचेही आहेत. मग शिवाजी विद्यापीठाने आणि आपल्या दोन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी एवढे करावे: पहिल्या-दुसऱ्या वर्षाला पुरातत्त्व आणि मूर्तिशास्त्राचा एक पेपर ठेवावा, आणि क्षेत्र प्रकल्प म्हणून प्रत्येक मुलाने स्वतःच्या गावातले वीरगळ, सतीशिळा, शिलालेख, बारवा यांची नोंद करावी. जागा, मापे, फोटो, सध्याची अवस्था. मोजपट्टी आणि मोबाइल, एवढाच खर्च. खणायचे काही नाही, तो अधिकारही त्यांना नाही. नोंद झालेला दगड रंगवताना किंवा उचलून नेताना माणूस दहादा विचार करतो.

जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे. तेव्हा चौकाचौकात फ्लेक्स लागले. फ्लेक्सच्या पट्ट्या आणि तार माझ्याच दुकानातून गेली, तक्रार नाही. पण त्या आठवड्यात एकाही पुढाऱ्याच्या तोंडून ‘याचा अभ्यास करणारी मुले आपल्याकडे तयार करू’ असे काही माझ्या तरी कानावर आले नाही.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत या विषयाला निदान एक चौकट द्या. डेक्कन कॉलेज, बडोदा, अर्ज कधी निघतात, प्रवेश परीक्षा कशी असते, वसतिगृहाचा खर्च काय. आणि नोकऱ्या कमी आहेत हेही स्पष्ट छापा, म्हणजे आमच्या भावासारख्या बापांचा विश्वास बसेल.

आपला नियमित वाचक,
एक हार्डवेअर दुकानदार,
कराड, जि. सातारा