दोर टाकणाऱ्या त्या दोघांचे आभार

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या बाजूला, ज्वान डी फ्युका सामुद्रधुनीत रविवारी आमच्या छोट्या बोटीचं इंजिन बंद पडलं. ओहोटीची ओढ पश्चिमेला, थेट पॅसिफिककडे. लाल टोपीवाले काका आणि सोबतच्या ताई, तुम्ही लगेच डाउनरिगरचे (गळ खोल पाण्यात नेणाऱ्या यंत्राचे) जड गोळे वर घेतलेत, गळाला लागलेला चिनूक सॅल्मन मासा पाण्यातच मोकळा केलात (शेपटीजवळचा छोटा पर कापलेला नव्हता, म्हणजे पैदास केंद्रातला नाही, जंगली; तो सोडायचाच होता, पण तरी!) आणि आमच्याकडे दोर फेकलात. तो पुढच्या कडीला कसा बांधायचा, हेही ओरडून सांगितलंत. धक्क्यापर्यंत ओढून आणलंत. पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही. मासा लागत असताना गळ गुंडाळायला मोठं मन लागतं. मनापासून आभार! तुमचा दोर आमच्याकडेच राहिलाय, धक्क्यावर दिसलो तर हक्काने मागून घ्या.