दिवाळीच्या पोह्यांना ये

फोंडा, गोवा
भाद्रपद पौर्णिमा

प्रिय वसंता,

तुझं पत्र ऐन चवथीच्या गडबडीत आलं. पंचांगाखाली ठेवलं होतं, रोज रात्री सगळे निजले की काढून वाचायचो. "एकट्यासाठी काय रांधायचं? डबा येतो, अर्धा खातो, अर्धा परत जातो." एवढंच लिहिलंस आणि पुढे पावसापाण्याचं सुरू केलंस. पण माझं मन त्या वाक्यापाशीच अडलंय. गणपती पोचवून, पाहुणे मार्गी लावून आज निवांत बसलोय. पत्र लांबणार, चहा करून घे. डब्यातला नको, स्वतः कर.

१९७९ सालची आपली मंगळवार पेठेतली खोली आठवते? बी.एड.चं वर्ष, एक स्टोव्ह, दोन पातेली. खाणावळीतल्या रश्श्याने माझं पोट भरायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. आईने पुरचुंडीत बांधून दिलेली तेफळं होती. तुम्ही तिरफळ म्हणता ती. एका रविवारी तुरीच्या डाळीला नारळ वाटून लावला, दोन आमसुलं टाकली आणि तेफळं ठेचून घातली. खोलीभर घरचा वास सुटला आणि मी पळीसकट तसाच उभा राहिलो. तू तेफळ चावलंस, जिभेला झिणझिण्या आल्या म्हणून तांब्याभर पाणी प्यालास आणि परत ताट पुढे केलंस. वसंता, रांधण्याची खरी गोडी मला त्या दिवशी लागली. तोवर घरची आठवण आली की मी गप्प बसायचो. त्या दिवशी कळलं की ती आठवण दुसऱ्याच्या पानात वाढता येते.

तेफळांशी माझं नातं मात्र त्याही आधीचं. आई ओसरीवर सूप घेऊन बसायची आणि मला तेफळं निवडायला लावायची. आतली काळी बी काढून टाकायची, ती दाताखाली कचकचते आणि चव बिघडवते. कामाची ती वरची टरफलं. शाळेत पाटीवर लिहिताना दिवसभर बोटांना तो वास यायचा, आणि मला तो आवडायचा. आजही बाजारची तेफळं मी पुन्हा निवडल्याशिवाय डब्यात भरत नाही.

यंदा चवथीला मूळ घरी आम्ही चाळीस माणसं होतो. चारही भावांचा गणपती एकच, चूलही एकच. खतखतं, म्हणजे अनेक भाज्यांचं एकत्र कालवण, माझ्याकडे असतं, हे आता घरात ठरूनच गेलंय. वहिनी पातोळ्या आणि नेवऱ्या बघतात, धाकटी भावजय मुगागाठी आणि मणगणं. मी आदल्या रात्रीच भाज्या मांडून ठेवतो: सुरण, कणगी, कच्ची केळी, मुळा, शेवग्याच्या शेंगा, भोपळा, नीरफणस, मक्याची कणसं, अळूचे देठ. कोणाकडे पाच भाज्या घालतात, कोणाकडे सात, काही घरी एकवीस. आमच्याकडे कुळागरात आणि परसात मिळेल तेवढ्या. कांदा नाही, लसूण नाही, फोडणी नाही, तेलाचा थेंब नाही. सगळी चव भाज्यांची, नारळाची आणि तेफळांची.

आई गेली त्या वर्षीची चवथ तुला कधी सांगितली नव्हती. भांडं पहिल्यांदाच माझ्या एकट्याच्या हाती आलं होतं. घाई झाली आणि भाज्या अर्ध्या कच्च्या असतानाच मी सोलं, म्हणजे आमसुलं, घातली. मग कितीही जाळ लावला तरी सुरण शिजेना. बाहेर पानं मांडलेली, आरती आटोपलेली, लहान पोरं भुकेने रडायला लागलेली. आतेने येऊन दवल्याने एक फोड दाबून बघितली. म्हणाली, "आंबट पडलं की भाजी आखडते रे. सोलं शेवटाक." रागावली नाही, पण त्या दिवशी भावाच्या पानाच्या कडेला उरलेल्या सुरणाच्या फोडी मला अजून दिसतात. आईच्या हाताखाली वीस वर्षं वावरलो, तरी ती सोलं कधी घालते हे नीट बघितलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी कंद, मग मऊ भाज्या, मग शिजलेली डाळ आणि वाटण, मग गूळ. सोलं सगळं शिजल्यावर. आणि अगदी शेवटी, उतरवायच्या बेताला, ठेचलेल्या तेफळांचं पाणी. तेफळं आधीपासून रटरटू दिली तर वास उडून जातो.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मासळी बाजारात गेलो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद आणि त्यानंतर आमचा श्रावण, म्हणजे नुस्त्याशिवाय, मासळीशिवाय, किती दिवस गेले ते तूच मोज. माझ्या नेहमीच्या नुस्तेकान्नीने लांबूनच हाक मारली, "मास्तर, तुमचे बांगडे कुशीक दवरल्यात!" बाजूला काढून ठेवले होते. कल्ला उचलून बघितला, लालभडक. डोळे पाण्यासारखे, अंग ताठ.

त्यांची उडदामेथी केली आणि करताना सारखा तूच डोळ्यासमोर होतास, म्हणून सविस्तर लिहितो. चार बांगड्यांना अर्ध्या नारळाची सोय, म्हणजे खवणलेलं खोबरं, सात-आठ सुक्या मिरच्या, थोडी हळद, चिंचेचं बोटूक, हे सगळं गंधासारखं बारीक वाटायचं. वाटण पाण्यात सैल करून उकळत ठेवायचं, त्यात मीठ. दुसरीकडे पळीत खोबरेल तेल तापवून चमचाभर उडीद डाळ आणि चिमूटभर तांदूळ. डाळ लालसर व्हायला लागली की मग मेथी, पाव चमचा, त्याहून जास्त नको. मेथीचा रंग पालटला की लगेच उतरव, क्षणभर जास्त राहिली तर कडू होते आणि मग त्याला उपाय नाही. हे भरड कुटून कालवणात सोडायचं आणि उकळी आली की बांगडे. यात तेफळ घालत नाहीत. एकदा मासे पडले की पळी घालायची नाही, मातीचं कुंडलं दोन्ही हातांनी धरून गोल फिरवायचं. दोन उकळ्यांत काम होतं. रात्रभर मुरू दे. आमच्याकडे उडदामेथी दुसऱ्या दिवशी सकाळी पावाशी खायला म्हणूनच जास्त करतात. पदेराची, म्हणजे पाववाल्याची, पोंपों ऐकू आली की नात धावत जाऊन गरम उंडे घेऊन येते.

तिला मेथी आवडत नाही, म्हणून तिच्यासाठी मी दोन बांगडे नुसते तव्यावर भाजतो. थोरल्याला कालवण दाट लागतं, सुनेला पातळ. आमच्या हिला डोकं लागतं, गेली चाळीस वर्षं डोकं तिचंच. कोणाला काय लागतं हे मला तोंडपाठ आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. सगळे जेवून उठले की आम्ही दोघं बसतो. कुंडल्याच्या बुडाला चिकटलेलं वाटण गरम उकड्या भाताने पुसून घेतो. ती म्हणते, हाच खरा घास.

आता तुझं. तुझ्या घरून वहिनी दर उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाल्याची बरणी पाठवायच्या. झाकणावर कागद चिकटवलेला, त्यावर त्यांच्या अक्षरात आमचं आडनाव आणि "ऊन दाखवा". शेवटची बरणी अजून फडताळात आहे. तळाला दोन चमचे मसाला उरलाय. मला तो संपवायला होत नाही आणि टाकायला तर मुळीच होत नाही. झाकण उघडलं की अजून वास येतो. तू लिहिलं आहेस की त्यांच्या मसाल्याची वही कपाटात तशीच आहे, उघडवत नाही. एकट्याने उघडू नकोस.

दिवाळीला इकडे ये. आमच्याकडे नरकासुर पहाटेच्या आत जाळतात, मग अभ्यंग, तुळशीपाशी कारीट फोडायचं आणि त्यानंतर पोहे. दुधातले, दह्यातले, नारळाच्या रसात गूळ-वेलची घालून केलेले, गूळ-खोबऱ्यात कालवलेले, फोडणीचे तिखट, आणि सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. सकाळभर शेजारीपाजारी येतात, चमचाभर तरी खाऊन जातात, मग आपण त्यांच्याकडे. त्या दिवशी नारळाचा रस काढायला मला दोन हात जास्त लागतात. ते तुझे असू देत. तुला वाटण, खवणं, निवडणं, जे जमेल ते देईन, पण नुसतं बसू देणार नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पणजीची गाडी पकड, मी स्टँडवर येतो. चार दिवसांत परत जायचं म्हणू नकोस, भाऊबीज होऊ दे. येताना एक ढेप गूळ आण, माझ्याकडे माडाचा आहे, पण तिखट पोह्यांवर भुरभुरायला मला तुमचाच लागतो. आणि वहिनींची ती वही आण. सुकी मिरची, खोबरं, धणे मी इथे आणून वाळवून ठेवतो. पाडव्याच्या दुपारी पोरं झोपली की ओसरीवर बसू, तू वाच, मी भाजतो. बरणी धुऊन ठेवलेली नाही, तळाच्या मसाल्यातच नवा घालू.

तुझा,
अनंता