देवघरातला लिंबाचा डाग

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं ना, "त्या चिखलात एवढं काय बघत असतेस गं?" आणि मी घाईत काहीतरीच सांगून फोन ठेवला, तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून आज नीट लिहितेय.

इथे जर्मनीत ब्रेमेनला समुद्राच्या तळातून ड्रिल करून काढलेला गाळ लांब नळ्यांमध्ये कोल्ड स्टोरेजला ठेवलाय. त्यातला एक २००३ साली नामिबियासमोरच्या समुद्रातून, वॉल्व्हिस रिज नावाच्या पाण्याखालच्या डोंगररांगेवरून काढलेला. नळी उभी चिरलीये, खालून फिकट, जवळजवळ पांढरा गाळ येतो आणि मग एकदम विटेच्या रंगाचा पट्टा. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती उभीच होते.

पांढरं दिसतं ती सगळी सूक्ष्म जीवांची कवचं. त्यातली फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची, साधारण रव्याच्या कणाएवढी, मी ओल्या ब्रशच्या टोकाने काळ्या ट्रेमधून एकेक उचलते, आई तू तांदूळ निवडतेस ना अगदी तशी मान खाली घालून, तास-तासभर. मग ती अ‍ॅसिडमध्ये विरघळवून त्यातला जड आणि हलका ऑक्सिजन मोजायचा. पाणी गार असलं की कवचात जड ऑक्सिजन जास्त. हा गाळ साचला तेव्हा ध्रुवांवर बर्फाचे मोठे थर नव्हते, त्यामुळे फरक दिसतो तो मुख्यतः तापमानाचाच, म्हणून हिशोब जरा सोपा जातो. त्यावरून कळतं की ५.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी ५-६ अंशांनी तापली.

आणि त्या तांबूस पट्ट्यात कवचं जवळजवळ नाहीतच, नुसती माती. बाबा, देवघराच्या संगमरवरावर लिंबू सांडलं होतं आठवतं? तो डाग पडला तसंच हे. हवेत भरमसाट कार्बन आला, समुद्राने तो शोषला, पाणी आंबट झालं आणि तळाशी कवचं विरघळून गेली. तळावर राहणाऱ्या फोरामिनिफेराच्या तर कितीतरी जाती कायमच्या संपल्या. सगळं पूर्वपदावर यायला लाखाहून जास्त वर्षं लागली. तेव्हा तो कार्बन यायला काही हजार वर्षं लागली होती, आपण तर दीड-दोनशे वर्षांतच भरमसाट सोडलाय, हे ट्रेवर वाकलेलं असताना सारखं डोक्यात येतं आणि खरंच पोटात गोळा येतो.

आई, तो डाग घासून काढू नकोस हं. डिसेंबरमध्ये आले की बाबांना तिथेच बसवून सगळं परत समजावते.

तुमची,
ताई