फिलिपिनोंना स्वतःचं संगीत नाही, हे कुणी सांगितलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला फिलिपिनो गायकांवरचा लेख वाचून मन फार खट्टू झालं. जगभरच्या हॉटेलांत नि क्रूझवर फिलिपिनो बँड कसे वाजवतात, कुणाचाही आवाज कसा हुबेहूब काढतात, याचं लेखकाने कौतुक केलं आहे. इथवर ठीक. पण पुढे ते लिहितात की, या लोकांना स्वतःचं असं संगीत नाही, म्हणून ते दुसऱ्यांचं गातात. चार कॉलमच्या लेखात वीसेक गायकांची नावं आहेत. संगीतकाराचं नाव एक नाही, गीतकाराचंही नाही. ही नावं पाहायचीच नाहीत आणि मग त्यांच्याकडे काही नाही म्हणायचं, हा कुठला न्याय?

मी तेवीस वर्षं बोटीवर काढली, इंजिन साइडला. आमच्या रत्नागिरीतल्या कित्येक घरांतली माणसं बोटीवर आहेत, त्यांना विचारा. फिलिपिनो क्रूबरोबर जेवलो, भांडलो, वादळात उलट्या काढल्या. म्हणून हे वाक्य सोडून देता येत नाही. शिवाय हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलेलं आहे, जवळजवळ याच शब्दांत.

१९९६ चा नाताळ. मी तेव्हा थर्ड इंजिनिअर होतो. आमचा फिटर मनिलाच्या तोंडो भागातला, वयाने माझ्याहून मोठा, म्हणून त्यांच्या रीतीप्रमाणे मी त्याला 'कुया' म्हणायचो, म्हणजे दादा. त्याच्याकडे एक गिटार होती, सेबूजवळच्या माक्तान बेटावर बनलेली. तिची एक तार तुटली होती, तिच्या जागी त्याने मासे धरायचा नायलॉनचा दोरा लावला होता आणि तो बरोबर सुरात लावला होता. जेवणं झाल्यावर मेसमध्ये सगळे जमले. कुयाने त्याच्या भाषेतलं एक जुनं गाणं धरलं. दुसरं कडवं सुरू होतं न होतं तोच आपल्याच देशाचा एक वरिष्ठ अधिकारी मोठ्याने म्हणाला, "हे बंद कर. कळेल असं काहीतरी इंग्रजी गा. तुम्ही लोक नक्कल झकास करता."

कुयाने लगेच इंग्रजी गाणं म्हटलं. टाळ्याही पडल्या. मी तिथेच बसलो होतो आणि एक शब्द बोललो नाही. ती गोष्ट मला आजही टोचते.

त्या रात्री माझ्या बारा ते चारच्या वॉचला, म्हणजे पाळीला, कुया गिटार घेऊन इंजिनाच्या कंट्रोल रूममध्ये आला. त्याची ड्यूटी नव्हती. काचेपलीकडे इंजिन धडधडत होतं, आत गेजचे दिवे. त्याने वही काढली. शाळकरी मुलांची असते तशी, कडा तेलाने काळ्या झालेली. प्रत्येक पानावर गाणं, शब्दांवर बारीक अक्षरात कॉर्ड आणि गाण्याच्या खाली दोन नावं: शब्द कुणाचे, चाल कुणाची. गायकाचं नाव कुठेही नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "गाणारा मीच आहे ना."

मेसमध्ये अर्धवट राहिलेलं गाणं कुंदिमान होतं, निकानोर आबेलार्दो या संगीतकाराचं. कुंदिमान म्हणजे तागालोग भाषेतलं विरहाचं गीत, तीन मात्रांच्या संथ चालीतलं. कुयाने मला ते बोटांनी दाखवलं. सुरुवात मायनरमध्ये होते, रडवेली. मग मध्येच त्याने एक बोट सरकवलं आणि चाल मेजरमध्ये आली, खोलीची खिडकी उघडावी तशी. हा लोकगीताचा घाट आबेलार्दो आणि फ्रान्सिस्को सान्तियागो यांनी मैफिलीच्या गायनात नेला. काळ अमेरिकन राजवटीचा. १९०७ ते १९१९ तिथे स्वतःचा झेंडा फडकवायला कायद्याने बंदी होती. कुंदिमानमधली दूर गेलेली प्रिया म्हणजे देश, हे ऐकणाऱ्यांना सांगावं लागत नसे. आबेलार्दो १९३४ साली गेला, अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी. याला स्वतःचं संगीत म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

मग त्याने 'आनाक' म्हटलं. आनाक म्हणजे लेकरू. फ्रेडी आगिलारने स्वतः लिहिलेलं आणि स्वतः चाल लावलेलं हे गाणं १९७८ च्या मनिलातल्या मेट्रोपॉप या गीतस्पर्धेत अंतिम फेरीत होतं. आई-बापांनी रात्री जागून वाढवलेलं पोर वाया जातं आणि शेवटी रडणाऱ्या आईपाशीच परत येतं, एवढीच गोष्ट. पुढे हे गाणं कितीतरी भाषांत गेलं. आपले लेखक ज्यांना नकलाकार म्हणतात, त्यांच्या गाण्याची नक्कल जगाने केली. स्पर्धेत मात्र ते जिंकलं नव्हतं. पहिला आला रायन कायाब्याब. कुयाच्या वहीत त्याचं ते गाणंही होतं आणि ते फिलिपिनी संगीत किती सुंदर आहे याविषयीच आहे. कायाब्याबला २०१८ साली 'राष्ट्रीय कलावंत' हा तिथला सर्वोच्च कलासन्मान मिळाला. आगिलार २७ मे २०२५ रोजी गेला, तेव्हा आपल्या पानावर दोन ओळी तरी येतील म्हणून मी तीन दिवस वाट पाहिली.

कुया 'आनाक' म्हणताना शेवटच्या कडव्यात थांबला. त्याच्या धाकट्या मुलाला त्याने तोवर फक्त फोटोत पाहिलं होतं. मी डायऱ्या भरत होतो, मान वर केली नाही.

लेखकांना संगीतातला नवा प्रयोग हवा असेल तर तोही त्या रात्री कुयाकडूनच ऐकला. १ जानेवारी १९७४ ला तो बारा वर्षांचा होता. मामाचा ट्रान्झिस्टर खांद्यावर घेऊन तो चौकात गेला, कारण सगळ्यांना रेडिओ घेऊन बाहेर पडायला सांगितलं होतं. होसे मासेदा या संगीतकाराने वीस वेगवेगळे ध्वनी-पट्टे तयार केले होते, ते मनिलाच्या वीस रेडिओ केंद्रांवरून एकाच वेळी लागले. कुणाच्या रेडिओवर बांबूची वाद्यं, कुणाच्या घंटा, कुणाच्या माणसांचे आवाज. माणसं चालतील तसं संगीत बदलणार. कुया म्हणाला, "आम्ही पोरं धावत होतो, म्हणून आमचं गाणं सगळ्यात फास्ट होतं." मोठी माणसं मात्र गाणं कधी लागणार म्हणून कुरकुरत होती. मासेदा पॅरिसला पियानो शिकून आला होता आणि नंतर आयुष्यभर खेडोपाडी फिरून तिथल्या लोकांची वाद्यं टेप करत राहिला. तो संग्रह २००७ साली युनेस्कोने 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' नोंदीत घेतला.

यावरून आठवलं. लेखासोबतच्या छायाचित्राखाली 'इंडोनेशियन गॅमेलान', म्हणजे तिथला घंटांचा वाद्यमेळ, असं छापलं आहे. ते कुलिंतांग आहे. एका लाकडी चौकटीवर आडव्या ओळीत मांडलेल्या, मध्ये उंचवटा असलेल्या आठ घंटा, फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरच्या मागिंदानाव आणि मारानाव लोकांचं वाद्य. आम्ही केळी भरायला दावाव बंदरात लागलो होतो, तेव्हा मी ते एका बाईला वाजवताना समोर बसून पाहिलं आहे. फिलिपिनोंना काही नाही असं सांगणाऱ्या लेखात फिलिपिनोंचंच वाद्य दुसऱ्या देशाच्या नावावर जावं, याचा मनस्वी राग आला.

आपल्याकडे हे होत नाही असं कुणी म्हणू नये. स्पेनने तिथे आणि पोर्तुगालने गोव्यात चर्चमधून लोकांना नोटेशन शिकवलं. दोन्हीकडची माणसं वाद्यं घेऊन पोटासाठी परमुलखात गेली. हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोवेकर अरेंजरांचे किती हात लागले आणि त्यातल्या कितींची नावं पडद्यावर आली? आपल्या पुरवणीतल्या जुन्या मराठी गाण्यांच्या सदरातही गेले कित्येक आठवडे फक्त गायकाचं नाव छापलं जातं. माडगूळकरांच्या शब्दाखाली माडगूळकरांचं नाव नको? खळेकाकांच्या चालीखाली खळेकाकांचं नको? दोन शब्दांची जागा लागते.

जागेवरून आणखी एक. लेख पान ३ वर सुरू होतो, 'उर्वरित मजकूर पान ७ वर' असं लिहिलं आहे आणि पान ७ वर दागिन्यांच्या दुकानाची पानभर जाहिरात आहे. शेवटी लेखकांनी काही सावरून घेतलं असेल तर आम्हा रत्नागिरीकरांपर्यंत ते पोचलेलं नाही. पोचलं असतं तर कदाचित हे पत्र थोडं सौम्य झालं असतं.

छायाचित्राखालची चूक येत्या रविवारी दुरुस्त करून छापावी, लेखाचा राहिलेला भाग द्यावा आणि गाण्यांच्या सदरात गीतकार-संगीतकारांची नावं पुन्हा सुरू करावीत, ही विनंती. कुया त्या कॉन्ट्रॅक्टनंतर सिंगापूरला साइन ऑफ झाला. जाताना वहीतली चार पानं त्याने माझ्यासाठी हाताने उतरवून दिली, खाली नावांसकट. लेखकांना हवी असतील तर झेरॉक्स पाठवतो.

आपला,
एक निवृत्त दर्यावर्दी, रत्नागिरी