‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला नेमका कोणाला?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतील सल्ल्याच्या सदरात काही दिवसांपूर्वी एका तरुणीचा प्रश्न आणि त्याला दिलेले उत्तर वाचले. तिचा जोडीदार वेगळ्या वंशाचा आहे, दोघे एकत्र बाहेर पडले की लोक टक लावून पाहतात आणि त्यामुळे तिला घराबाहेर पडणेच नकोसे होऊ लागले आहे, असे तिने लिहिले होते. उत्तर एका ओळीत मावणारे होते: लोकांना पाहू द्या, आपण दुर्लक्ष करा, हळूहळू सवय होईल. उत्तर देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. परंतु माझ्या पतींचे आणि माझे पूर्वज दोन वेगळ्या खंडांतले आहेत, आमच्या लग्नाला १४ वर्षे झाली आहेत, आणि या काळात ‘दुर्लक्ष करा’ या दोन शब्दांनी आमच्या घरात जेवढी भांडणे लावली तेवढी पाहणाऱ्यांच्या नजरांनीही लावली नसतील. म्हणून हे पत्र.

भांडणे का झाली ते आधी सांगते. जिथे आजूबाजूला बहुतेक माणसे माझ्यासारखी दिसणारी असतात, तिथे नजरा प्रथम माझ्या पतींवर पडतात आणि मला त्या बऱ्याचदा जाणवतच नाहीत. जिथे सगळे त्यांच्यासारखे दिसतात, तिथे याच्या नेमके उलट घडते. आपल्याच माणसांच्या गर्दीत आपल्याला कोणी परके म्हणून पाहत नाही, त्यामुळे ती नजर ओळखण्याची सवय डोळ्यांना लागलेली नसते. मग घरी परतल्यावर एक जण म्हणतो, ‘तो माणूस आपल्याकडे कसा पाहत होता ते लक्षात आले का?’, आणि दुसऱ्याच्या तोंडून सहज निघून जाते, ‘तुझा भास असेल’. हे वाक्य मीही उच्चारले आहे आणि माझ्या पतींनीही. ज्याच्याकडे रोखून पाहिले जाते त्याला ते पाहणे तासाभरात विसरता येते, पण सोबत चालणाऱ्या माणसाने ते नाकारलेले चार दिवस जात नाही. बारकाईने पाहिले तर दुर्लक्ष करण्याचा सल्ला नेहमी त्या दोघांपैकी ज्याला त्रास झाला त्यालाच दिला जातो, आणि देणारा बहुधा तोच असतो ज्याला त्या दिवशी काहीच सोसावे लागलेले नसते.

शिवाय सगळ्या नजरा एका मापाच्या नसतात. एक नजर निव्वळ कुतूहलाची असते. ती पडते, क्षणभर थबकते आणि पकडली गेली की ओशाळून खाली वळते. तिच्याबद्दल आमची काहीही तक्रार नाही, कारण जे क्वचित दिसते त्याकडे डोळे जाणारच. आम्हीही माणसेच आहोत आणि आमच्यासारखे दुसरे जोडपे दिसले की आम्हीही वळून पाहतो. दुसरी नजर हिशेब मांडणारी असते. ती एकदा माझ्याकडे जाते, एकदा त्यांच्याकडे, पुन्हा माझ्याकडे येते, आणि ‘हिला दुसरे कोणी मिळाले नाही का?’ किंवा ‘याच्याकडे पैसा असणार’ हे वाक्य तिच्यात स्पष्ट वाचता येते. तिसरी नजर दुखावलेली असते आणि ती बहुधा आपल्याच वंशाच्या माणसाची असते, जणू आपण त्याच्याशी केलेला एखादा अलिखित करार मोडला आहे. चौथी मात्र कौतुकाची असते, आणि तिच्याविषयी तक्रार करणे सर्वांत अवघड जाते. ‘तुमची मुले किती सुंदर दिसतील!’ असे अनोळखी व्यक्तीने म्हटल्यावर हसून मान डोलवावी लागते, पण आपल्या संसाराकडे कोणी रोपवाटिकेतल्या कलमासारखे पाहावे, हे मला १४ वर्षांनंतरही रुचलेले नाही. शेवटची नजर वैराची. ती संख्येने सर्वांत कमी असते, परंतु ती ओळखता आलीच पाहिजे, आणि सरसकट दुर्लक्ष करण्याची सवय लावून घेतलेल्या माणसाला नेमकी तीच ओळखता येत नाही.

रोखून पाहण्याचा परिणाम होतो ही आमची हळवी कल्पना आहे, असे कोणास वाटू नये. अमेरिकेत १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत संशोधकांनी लाल दिव्यापाशी थांबलेल्या वाहनचालकांकडे रोखून पाहणारी माणसे उभी केली होती. दिवा हिरवा झाल्यावर, ज्यांच्याकडे असे रोखून पाहिले गेले होते त्या चालकांनी इतरांपेक्षा अधिक वेगाने चौक ओलांडला. कोणी त्यांना एक शब्दही बोलले नव्हते. वाहनचालकाला निदान हिरवा दिवा मिळतो. रुग्णालयाच्या बाकावर आपला क्रमांक येण्याची वाट पाहत बसलेल्या जोडप्याला तोही नसतो. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये सुमारे ५०० लोकांना पडद्यावरील अनोळखी चेहऱ्याशी नजरानजर करायला लावली, तेव्हा लोकांना सुखावह वाटणारा काळ सरासरी ३.३ सेकंद भरला. आगगाडीच्या डब्यात समोरच्या आसनावरून तीन स्थानके सरेपर्यंत चाललेल्या पाहण्याची सेकंदे ज्याने त्याने मोजून पाहावीत.

या नजरांना एक वंशावळही आहे आणि ती विसरून चालणार नाही. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात १९५८ च्या जुलै महिन्यात शेरीफ रात्री रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांच्या शयनगृहात शिरला, तो कोणीतरी दिलेल्या खबरीवरून. पती गोरा आणि पत्नी कृष्णवर्णीय, एवढाच त्यांचा गुन्हा होता. वॉशिंग्टनमध्ये रीतसर झालेल्या विवाहाचे प्रमाणपत्र असूनही त्यांना एक वर्षाच्या कैदेची शिक्षा सुनावली गेली, आणि दोघांनी २५ वर्षे एकत्र त्या राज्यात पाऊल ठेवायचे नाही या अटीवर ती स्थगित करण्यात आली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ जून १९६७ रोजी एकमताने असे कायदे रद्द केले, तेव्हा ते १६ राज्यांत लागू होते. दक्षिण आफ्रिकेत गोरे आणि इतर यांच्या विवाहाला बंदी घालणारा कायदा १९४९ मध्ये झाला आणि १९८५ पर्यंत टिकला. त्याच्या जोडीच्या शरीरसंबंधविषयक कायद्याखाली पोलीस घरांवर रात्री छापे घालत. हे सगळे कायदे कागदावर न्यायाधीशांचे असले तरी प्रत्यक्षात ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांवर चालत होते. कोण कोणाच्या घरी जाते, कोणाच्या खिडकीतला दिवा किती वाजता मालवतो, हे कोणीतरी पाहिल्याखेरीज कोणालाही अटक होऊ शकत नव्हती. ज्यांच्या आजी-आजोबांनी तो काळ भोगला आहे, त्यांना अनोळखी माणसाची लांबलेली नजर केवळ अशिष्ट वाटत नाही, तर चौकशीची सुरुवात वाटते, आणि हे त्यांच्या जोडीदाराने समजून घ्यावे लागते.

कायदे गेले, मते बदलली. गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्या विवाहाला तुमची संमती आहे का, हा प्रश्न गॅलप ही संस्था अमेरिकेत १९५८ पासून विचारत आली आहे. त्या वर्षी ४ टक्के लोकांनी होकार दिला होता, २०२१ मध्ये ९४ टक्क्यांनी दिला. बदल थोर आहे, त्याला मी कमी लेखत नाही. परंतु सर्वेक्षणात प्रश्न तोंडाला विचारला जातो, डोळ्यांना नाही, आणि मनापासून होकार देणारा माणूसही फलाटावर आमच्याकडे मान वळवून पाहतोच.

आता त्या तरुणीला आणि तिच्या जोडीदाराला उपयोगी पडेल असे काही. पहिली गोष्ट, नजरेविषयी बोलणे घरी येईपर्यंत लांबणीवर टाकू नये. आमच्यात एक खूण ठरलेली आहे: ज्याला नजर जाणवली तो दुसऱ्याचा हात दोनदा दाबतो. ‘मला हे जाणवले आहे’ एवढाच तिचा अर्थ. दुसऱ्याला ती नजर दिसली असो वा नसो, उलट हात दाबून पोच द्यायची, आणि पुरावा मागायचा नाही, हा नियम. मग हसायचे, जागा बदलायची, उठून जायचे की दुर्लक्ष करायचे, हे ज्याला त्रास झाला त्याने ठरवायचे. दोघांनी ठरवून केलेले दुर्लक्ष आणि एकाने दुसऱ्यावर लादलेले दुर्लक्ष बाहेरून सारखेच दिसते, पण आतून ते अगदी निराळे असते.

दुसरी गोष्ट हातांचीच आहे. लग्नानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझ्या लक्षात आले, की गर्दीत शिरताना आम्ही एकमेकांचे हात आपोआप सोडून देतो आणि हातभर अंतर राखून, एकमेकांना ओळखत नसल्यासारखे चालू लागतो. कोणी सांगितले नव्हते, आमचेही काही ठरले नव्हते. त्या दिवशी मला नजरांपेक्षा आमच्या त्या शहाणपणाचाच अधिक राग आला. तेव्हापासून हात सोडायचा तर तो पिशवी उचलण्यासाठी किंवा घाम पुसण्यासाठी, असे आम्ही बजावून ठेवले आहे. अर्थात याला अपवाद आहे. रात्रीची वेळ, बंद डबा, टोळक्याने उभी असलेली माणसे, मद्याचा वास, नजरेबरोबर सुरू झालेली शेरेबाजी, यांपैकी काहीही असेल तर बाणेदारपणा बाजूला ठेवून तेथून निघून जावे आणि जिथे माणसे व उजेड आहे तिथे थांबावे. कोणी न विचारता छायाचित्र काढत असेल, तर मोठ्याने पण शांत शब्दांत ते पुसायला सांगावे. आजूबाजूचे लोक ऐकत आहेत हे कळले की बहुतेक जण वरमतात.

मुलांचा प्रश्न वेगळा आहे. आमची मुलगी पाच वर्षांची असताना तिने भर रांगेत विचारले, ‘ते काका सारखे आपल्याकडे का बघतात?’ मी घाईने म्हणाले, ‘तू गोड आहेस म्हणून.’ ते खोटे होते आणि ते तिला कळले, कारण मुले चेहरा वाचतात. पुढच्या वेळी तिच्या वडिलांनी उत्तर दिले: ‘आपल्यासारखे घर त्यांनी याआधी पाहिले नसेल. पण एवढा वेळ बघत राहणे बरे नाही.’ मला ते अधिक प्रामाणिक वाटले, कारण त्यात पाहणाऱ्याला राक्षस ठरवलेले नाही आणि त्याचे वागणे योग्यही म्हटलेले नाही. मी एकटी मुलीबरोबर असते तेव्हा ‘ही तुमचीच का?’ हा प्रश्न अजूनही येतो. एका कार्यालयात तर तिची कागदपत्रे तपासणाऱ्या व्यक्तीने तो मला तीनदा विचारला, प्रत्येक वेळी थोड्या अधिक हळू आवाजात, जणू खरे उत्तर मी लाजेपोटी लपवून ठेवले आहे. अशा ठिकाणी मी आता एकदाच ‘होय’ म्हणते आणि पुढे गप्प राहते. उरलेली शांतता त्या व्यक्तीने सांभाळावी.

पाहणाऱ्यांकडून आमची अपेक्षा फार नाही. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये सार्वजनिक जागेतील एका साध्या शिष्टाचाराला नाव दिले होते. मराठीत त्याला ‘सभ्य अनवधान’ म्हणता येईल. समोरच्याकडे एकदा पाहायचे, तो तिथे आहे याची दखल घ्यायची आणि मग नजर काढून घ्यायची. इतर सगळ्यांना जे आपण दिवसातून शंभरदा न सांगता देतो, तेच आम्हालाही मिळावे. एकदा लिफ्टमध्ये एक वृद्ध बाई आम्हा दोघांकडे बराच वेळ पाहत राहिल्या, आमच्या हातांकडे पाहून झाले, चेहऱ्यांकडे पाहून झाले, मी मनातल्या मनात हात दोनदा दाबलाही. आणि मग त्यांनी विचारले, ‘कितवा मजला?’ आम्ही सांगितला, त्यांनी बटण दाबले आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

जाता जाता एक विनंती आपल्यालाही करते. आमच्यासारख्या जोडप्याचे छायाचित्र वृत्तपत्रात येते तेव्हा वर ‘सातासमुद्रापारचे प्रेम’ किंवा ‘परदेशी सून रमली’ असा मथळा असतो, आणि मजकुरात ती आपली भाषा किती छान बोलते याचे कौतुक. हेही एक टक लावून पाहणेच आहे, फक्त छापील. शाळेच्या प्रवेशाची, करपरताव्याची, गुडघेदुखीची बातमी देताना सोबत जी जोडपी आपण दाखवता, त्यांत कधी आमच्यासारखे एखादे असावे, आणि त्याखाली त्यांच्या गुडघ्यांविषयीच लिहिलेले असावे.

आपली,
एक नियमित वाचक